उघड्या डोळ्यातली बाई

"काका, हनुवटी अजून थोडी पुढे घ्या. कपाळ पट्टीला टेकलं?"

"टेकलं."

"आता हलायचं नाही. काकू, तुम्ही त्या स्टुलावर बसा. फक्त मध्ये बोलू नका."

मी बसले. बोलायला मी आलेच नव्हते, बघायला आले होते. गेले काही आठवडे आमचे हे अधूनमधून दुपारी दुकान बंद करून कुठेतरी जात होते आणि कपाळावर लाल वळ घेऊन परत येत होते. आडवा, सरळ, दोन बोटं रुंद वळ. हनुवटीखाली तसाच एक, जरा फिकट. आधी वाटलं, टोपी घट्ट होत असेल. पण हे टोपी घालत नाहीत. त्यानंतर मला जे जे वाटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. येणारा प्रत्येक कपडा गिऱ्हाइकासमोर उलगडते, कॉलर बघते, कफ बघते, खिशात हात घालते. "खिशात काही नाही हो" असं जो आपणहून सांगतो, त्याच्या खिशात हमखास काहीतरी निघतं. "हा डाग आधी नव्हता" म्हणणाऱ्याला तो डाग कुठे पडला, कशाचा पडला, हे पाठ असतं. इतकी वर्षं हेच केल्यावर नजर तशी होते, त्याला माझा इलाज नाही. तिथे मला पाठीमागे फौजदारबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे.

तर एका संध्याकाळी मी यांना सरळ विचारलं, "कपाळाला काय झालं?"

"डोळे तपासतात तिथे."

"डोळ्यांचा वळ कपाळावर?"

"अगं, मशीनला कपाळ टेकवावं लागतं. एका डोळ्याला एक चित्र दाखवतात, दुसऱ्याला दुसरंच. मग डोळे कुठे जातात ते कॅमेरा बघत बसतो."

ऐकणारीला वाटावं, इतकी वेडगळ थाप कोणी मारणार नाही, म्हणजे खरंच असेल. मला नेमकी हीच युक्ती वाटली. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी मनात धरलं आणि म्हणाले, "मला दाखवा." त्यावर हे "चल की" म्हणाले, तेही इतक्या सहज की माझा संशय होता त्याच्या दुप्पट झाला.

आणि आता इथे सगळं जसंच्या तसं होतं. लांबलचक इमारतीच्या टोकाची खोली, खिडक्यांना जाड काळे पडदे, टेबलावर काळ्या रंगाने रंगवलेला लाकडी सांगाडा. हनुवटी ठेवायला खोबण, कपाळाला पट्टी. डोळ्यांसमोर दोन छोटे तिरपे आरसे, आणि दोन्ही बाजूंना टीव्हीसारखा एकेक पडदा. उजव्या डोळ्याला उजवाच पडदा दिसणार, डाव्याला डावाच. खाली कॅमेरा, त्यात लाल ठिपका. हे सगळं चालवणारी एक चष्मेवाली मुलगी होती, आमच्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. ती यांच्याकडे घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली होती आणि यांना काम करताना बघून तिथेच खिळली म्हणे.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. उजव्या डोळ्याला भिंग लावतात, पण डावा डोळा मिटत नाहीत. इतर माणसं मिटतात. हे म्हणतात, मिटून काम केलं की तासाभरात तोंड वाकडं होतं. डावा उघडाच असतो, पण त्याला काही दिसत नाही. सवयीने त्याचं दिसणं बंद होतं. त्या मुलीचा अभ्यास नेमका याच गोष्टीचा होता.

तो उघडा डोळा मला नवीन नव्हता. लग्न झाल्यापासून मी त्याच्यासमोर बसत आले आहे. दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा हे भिंग लावून वाकलेले असायचे आणि डावा डोळा सरळ माझ्यावर रोखलेला. मी हसले तरी त्यात काही हलायचं नाही. एकदा मी केस कापून घेतले आणि मुद्दाम त्या डोळ्यासमोर जाऊन उभी राहिले. दोन गिऱ्हाइकांनी मला बरे दिसतात म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "डबा तिकडे ठेव." माणूस उघड्या डोळ्याने समोर बघतो आणि समोरचं माणूस त्याला दिसत नाही, मग तो बघतो तरी कुणाकडे? हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला तो बसलाच. आणि उत्तर मला कुणी सांगायची गरज नव्हती. यांची पहिली.

ती आजारपणात गेली तेव्हा लेक अगदी लहान होती. मी या घरात आले त्या दिवशी बाहेरच्या खोलीतला तिचा फोटो यांनी स्वतःहून काढून ठेवला. भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला. पुढे रंग काढला तेव्हा तो गेला, पण मला कितीतरी दिवस दिसत राहिला. फोटो कुठे ठेवला हे मी विचारलं नाही. शोधला मात्र सगळीकडे. कपाट, माळा, गादीखाली, लेकीची जुनी दप्तरं, काही म्हणता काही सोडलं नाही. सापडला असता तर कदाचित विषय संपला असता.

एकदा यांना सणसणून ताप होता. गुंगीत म्हणाले, "ऐकलंस का?" मी धावत आले. "कुणाला म्हणालात?"

"तुला."

"मी तर स्वयंपाकघरात होते."

"म्हणून तर हाक मारली."

यावर दुसरी कुणी हसून मोकळी झाली असती. मी रात्रभर त्या "तुला"वर विचार करत बसले.

इथे येताना बसमध्ये यांच्या मांडीवर एक पाकीट होतं. "काय आहे?" मी विचारलं. "फोटो. तिने आणायला सांगितलाय." "कुणाचा?" "तुझा." पाकीट एका फोटोचं नव्हतं. जाडी बोटांना कळते, रोजचं काम आहे माझं. पण चोराला माल घेऊन ठाण्यापर्यंत येऊ द्यावं.

आणि आता समोरच्या मोठ्या पडद्यावर त्या मुलीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एक माझा, लाँड्रीच्या ओळखपत्रावरचा. त्यात मी नुकतीच कुणाच्या तरी खिशात हात घालून काहीतरी काढल्यासारखी बघते आहे. दुसरा तिचा. भिंतीवरचाच. कडेला फ्रेमचा पिवळा ठसा तसाच होता.

"एक रोज दिसणारा चेहरा आणि एक फार वर्षांत न पाहिलेला, असे आणायला सांगितले होते मी काकांना," मुलगी मला हळू आवाजात म्हणाली. "ह्या कोण?"

"घरच्याच," मी म्हणाले.

तिने मला रीत समजावून सांगितली. माझ्या चेहऱ्यावरून बारीक पट्टे एका दिशेला सरकत राहतात, त्या दुसऱ्या चेहऱ्यावरून उलट दिशेला. माणसाला जो चेहरा दिसतो, त्याच्या पट्ट्यांमागे डोळे नकळत जातात. कॅमेरा ते टिपतो आणि या मोठ्या पडद्यावर रेघ काढतो. वर गेली की त्या बाई दिसताहेत, खाली आली की तुम्ही.

"दोघी एकदम नाही दिसत?"

"नाही. मेंदू दोन वेगळी चित्रं एकत्र नाही करत. एक घेतो, एक टाकतो. मग जरा वेळाने उलटं. आलटून पालटून."

"आणि माणसाने खोटं सांगितलं तर?"

"आपण विचारतच नाही, काकू. तोंडाने माणूस काहीही सांगेल. डोळ्यांना ते जमत नाही."

ही मुलगी मला पहिल्यांदा आवडली. जन्मभर जे मशीन मला हवं होतं, ते हिने करून ठेवलं होतं.

तिने बटण दाबलं. हे सांगाड्यात तोंड घालून निमूट बसले होते, मला फक्त त्यांची मान आणि पाठ दिसत होती. रेघ आधी थोडी थरथरली. मग वर चढली. मी ती खाली यायची वाट बघू लागले. आलटून पालटून, असं ती म्हणाली होती. एकदा रेघेने किंचित मान टाकली, मला वाटलं आली माझी पाळी, पण ती लगेच परत वर गेली आणि तिथेच पुढे पुढे चालत राहिली.

मला रडू वगैरे काही आलं नाही. उलट आतून एक आवाज म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हते? लेकीच्या शाळेचे डबे, तिच्या गोवरात मांडीवर काढलेल्या रात्री, तिच्या लग्नात यांच्या शेजारी उभं राहून केलेला पाहुणचार, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि रेघ वरच होती. आपण इतकी वर्षं बरोबर होतो, याचं मला समाधान वाटलं. आणि असलं समाधान किती कडू लागतं तेही कळलं. मी पदरी आलेलं सगळं काम चोख केलं होतं आणि यांच्या डोळ्यांना मी एकदाही दिसले नव्हते.

"झालं. आता उलटं करते," मुलगी म्हणाली आणि तिने काहीतरी बदललं. यांना पाणी दिलं, पुन्हा हनुवटी टेकवायला लावली. मी उठून जाणार होते. लाँड्रीत दुपारच्या कपड्यांचा ढीग पडला असेल, तो तरी खोटं बोलत नाही. पण तेवढ्यात रेघ सुरू झाली, थरथरली आणि खाली आली. खाली आली ती खालीच राहिली. आता मीच, सगळा वेळ मी.

"बिघडलं का हे?" मी न राहवून विचारलं.

"काकू, मध्ये बोलायचं नाही."

संपल्यावर तिने दिवे लावले. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "अगदी मला वाटलं होतं तसंच. म्हणजे, तसंच नाही, पण फार छान." मग माझ्याकडे बघून तिने जरा दमाने सांगितलं. पहिल्या खेपेला त्या बाईंचा फोटो उजव्या डोळ्यासमोर होता, माझा डाव्यासमोर. दुसऱ्या खेपेला अदलाबदल. "काकांनी मशीनला कपाळ टेकवलं की ते दुकानात बसल्यासारखेच होतात. उजव्यात जे असेल ते दिसतं. डावा उघडा असतो, पण बंद. मला वाटलं होतं, तिथे आपल्या माणसाचा चेहरा आला तर तरी सवय मोडेल. नाही मोडली. चेहरा कुणाचा, याने काही फरकच पडला नाही."

हे कपाळ चोळत बाहेर आले. "मला तर एकेकच दिसत होती," ते म्हणाले. "आधी ती, मग तू. मला वाटलं, ही एकेक फोटो दाखवतेय."

मी जोरात हसले. दोघींचाही यांनी एकाच मापाने निकाल लावला होता. मला हायसं वाटलं आणि त्याच दमात अपमानही वाटला. ज्या उघड्या डोळ्यावर मी जन्मभर संशय घेतला, त्यात ती नव्हती, मीही नव्हते. तिथे दुकानाची भिंतसुद्धा नव्हती.

"फोटो कुठे होता इतकी वर्षं?" मी विचारलं.

"दुकानात. घड्याळाच्या काचांच्या खोक्यात, तळाशी. तिथे ओल लागत नाही."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर?"

"दाखवला असता," हे म्हणाले, आणि मला यात संशय घ्यायला जागा सापडेना.

मी निघायची तयारी करत होते, तर ती मुलगी म्हणाली, "काकू, पाच मिनिटं तुम्ही बसता का? मला साध्या डोळ्यांचं कुणीतरी हवं होतं, तुलना करायला. फोटो लावलेलेच आहेत."

माझे डोळे साधे आहेत असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. हे स्टुलावर जाऊन बसले, मी सांगाड्यात गेले. पट्टी कपाळाला गार लागली. मनात मी पक्कं केलं होतं, आपण आपल्याकडेच बघायचं. यांना नाही जमलं तर नाही, मला माझ्याकडे बघायला कुणाची ना आहे?

आणि दिसले मी. ओळखपत्रावरची, डोळे वटारलेली. पट्टे माझ्यावरून सरकत होते. मग माझ्या गालावर एक डाग उमटावा तशी ती आली. आधी नुसता एक डोळा. मग माझ्या तोंडाच्या जागी तिचं तोंड. माझी हनुवटी थोडा वेळ तग धरून राहिली आणि तीही गेली. समोर सगळी तीच. मी डोळे घट्ट मिटून उघडले. मी आले, पण पाण्यात बुडालेल्या कपड्यासारखी क्षणभर वर आले आणि परत खाली गेले. पुन्हा ती. ठरवून काही होत नव्हतं.

इतका वेळ मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवर होती तेव्हा नजर चुकवायचे, नंतर नुसती शोधायचे. किती लहान होती ती. आमच्या लेकीपेक्षाही लहान. फोटो काढणाऱ्याच्या मागे कुणीतरी काहीतरी चाळा करत असावं, कारण ती ओठ दाबून हसू आवरत होती. समोरचा एक दात किंचित आडवा. लेकीचाही तसाच आहे, तो कुणाचा घेतला असेल असा प्रश्न मला कधी पडला नाही. आणि फोटोसाठी इतकी नटून बसली होती, पण ब्लाउजची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. माझा हात आपोआप टेबलावरून उचलला गेला, सरळ करायला.

"हात खाली, काकू. आता उलटं करते."

उलटं केलं. काही उलटं झालं नाही. आता ती दुसऱ्या डोळ्यातून आली, पण आलीच, आणि राहिली. यांच्या बाबतीत उजवं-डावं होतं. माझ्या बाबतीत तसलं काही नव्हतं. कुठल्याही डोळ्यात घाला, मला तीच दिसत होती. मला एकदम सगळं कळलं आणि फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी यांच्या डोळ्यात तिला धुंडाळत होते, आणि यांनी तिला काचांच्या खोक्यात नीट जपून ठेवून आपलं काम चालू ठेवलं होतं. तिला घरात मी ठेवलं होतं. जेवताना शेजारी मीच बसवलं, लेकीची वेणी घालताना माझ्या हातात तिचा हात मीच घातला. यांच्याशी संसार तिने जेमतेम चार वर्षं केला. माझ्याशी जन्मभर केला.

"झालं, काकू."

मी मान बाहेर काढली. सगळं जरा पुसट दिसत होतं. ती मुलगी पडद्याकडे बघत होती आणि तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हे स्टुलावरून उठले आणि पडद्यासमोर येऊन उभे राहिले. मुद्दाम आले असं वाटू नये म्हणून त्यांनी पाकीट हातात घेतलं, फोटो आत सरकवले, बाहेर काढले, पुन्हा सरकवले. पण जागचे हलले नाहीत. इतक्या दिवसांच्या फेऱ्यांनी यांना ती रेघ माझ्यापेक्षा चांगली वाचता येत असणार.

"कोण दिसत होतं?" मी विचारलं.

"तूच," हे म्हणाले. "बहुतेक वेळ तूच होतीस."

"बहुतेक?"

"मध्ये एकदोनदा ती. तेवढंच."

यांना खोटं बोलायची सवय नाही. कान लालभडक झाले होते. मुलीने यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. हे तसे किरकोळ अंगाचे. त्यांच्या कोपरापलीकडे पडद्याची कड दिसत होती, मी अर्धा हात वाकले असते तर सगळी रेघ दिसली असती.

"नक्की?" मी म्हणाले.

"नक्की. मी बघतच होतो ना."

"मग ठीक आहे," मी म्हणाले, आणि खाली बघत टेबलाखाली पायांनी चपला चाचपू लागले.